एकच लो-फाय अल्बम कुणाला कचरा वाटतो आणि कुणाला मास्टरपीस, ते का?

प्रयोगशील लो-फाय (कच्च्या, खरखरीत रेकॉर्डिंगचा) इंडी (मोठ्या कंपनीशिवाय स्वतंत्रपणे काढलेला) अल्बम आला की त्यावरच्या प्रतिक्रिया जवळजवळ ठरलेल्या असतात. एक जण म्हणतो हे काय, फोन खिशात ठेवून रेकॉर्ड केलंय का. दुसरा म्हणतो या वर्षात यापेक्षा भारी काही ऐकलंच नाही. तिसरा म्हणतो गाणी चांगली आहेत रे, पण जरा नीट स्टुडिओत जाऊन केली असती तर काय बिघडलं असतं. आणि चौथा नेहमीचा, "अजून दोन-तीनदा ऐक, मग कळेल". मग संगीत कुणाला कळतं आणि कुणाला कळत नाही यावर भांडण सुरू. मला विचाराल तर या भांडणातली मंडळी बऱ्याचदा एका गोष्टीबद्दल बोलतच नसतात, आणि हे मी अगदी शब्दशः म्हणतोय, म्हणजे आवड वेगळी वगैरे तर आहेच पण त्याच्याही आधी कानात जे पोचतं तेच प्रत्येकाचं वेगळं असतं.

आधी एक गोंधळ काढून टाकू. लो-फाय म्हटलं की आज बऱ्याच जणांना अभ्यास करताना लावायच्या त्या संथ बीट्सच्या प्लेलिस्ट आठवतात. तिथेही जुन्या रेकॉर्डची खरखर असते, पण ती सजावट म्हणून, बाकी सगळं गुळगुळीत आणि पुढे काय येणार ते आधीच माहीत असलेलं, मुद्दाम लक्ष वेधून न घेणारं. लो-फाय इंडी याच्या बरोबर उलट, इथे गाणं मध्येच तुटतं, गाणारा सुरातून घसरतो, ड्रम अचानक इतके मोठे येतात की दचकायला होतं. पहिल्याची सवय घेऊन दुसऱ्याकडे आलेला माणूस वैतागणारच, त्यात त्याची काही चूक नाही.

हा आवाज आला कुठून ते समजलं की अर्ध्या प्रतिक्रिया आपोआप समजतात. एकावर एक वाद्यं चढवत रेकॉर्डिंग करायचं तर पूर्वी स्टुडिओ लागायचा आणि स्टुडिओ म्हणजे पैसे. १९७९ मध्ये टॅस्कॅम कंपनीने पोर्टास्टुडिओ १४४ नावाचं मशीन आणलं, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक (वेगवेगळे रेकॉर्ड होणारे थर), घरी टेबलावर बसून. आता चार ट्रॅक म्हणजे गिटार, आवाज, बेस, ड्रम, संपलं. अजून काही घालायचं असेल तर आधीचे तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन परत मोकळे करायचे, याला बाउन्स करणं म्हणतात, आणि प्रत्येक बाउन्सला टेपची सूं सूं थोडी वाढते, वरचे तीक्ष्ण स्वर थोडे मरतात, कडा बोथट होतात. म्हणजे तो जो मळलेला आवाज आहे तो सुरुवातीला कुणी निवडलेला नव्हता, तो त्या मशीनमधून बाहेर पडायचा, बस.

मग १९८२ येतं. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारीत न्यू जर्सीतल्या घरी चार ट्रॅकवर काही गाणी कच्ची रेकॉर्ड केली, उद्देश एवढाच की बँडला चाल कळावी. नंतर बँडबरोबर ती गाणी स्टुडिओत करूनही बघितली, पण कॅसेटवर जे होतं ते तिथे येईना. शेवटी ती कॅसेटच 'नेब्रास्का' म्हणून त्याच वर्षी बाजारात आली. म्हणजे चांगला स्टुडिओ, चांगला बँड, सगळं हाताशी असताना खराब आवाज निवडला गेला. दुसरीकडे डॅनियल जॉन्स्टन नावाचा पोरगा घरगुती कॅसेट रेकॉर्डरवर गाणी करून टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात लोकांच्या हातात कॅसेट ठेवत फिरायचा, त्याची १९८३ ची 'हाय, हाऊ आर यू' आजही ऐकली जाते, आणि तिच्या कव्हरवरच्या त्या डोळे बाहेर आलेल्या बेडकाचा टी-शर्ट पुढे निर्वाना बँडच्या कर्ट कोबेननं घातल्यामुळे तो बेडूक संगीत न ऐकणाऱ्यांनाही माहीत झाला. १९९४ मध्ये गाइडेड बाय व्हॉइसेस या बँडचा 'बी थाउजंड' आला, ३६ मिनिटांच्या आसपास २० गाणी, काही तर सुरू झाली म्हणेपर्यंत संपतात, आणि पहिल्याच गाण्यात गिटार मध्येच गायब होते आणि ते तसंच ठेवलेलं आहे.

आज परिस्थिती पूर्ण उलटी झालीय. साध्या लॅपटॉपवर आणि बेताच्या माइकवर स्वच्छ रेकॉर्डिंग होतं, उलट टेपची खरखर आणायची तर त्यासाठी वेगळं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) टाकावं लागतं. त्यामुळे १९८३ मध्ये कुणी विचारलं नसतं असा प्रश्न आता प्रत्येक जण विचारतो, की बाबा हे असं मुद्दाम का केलंस? "नाटकी आहे", "गरीब दिसायची हौस आहे" या प्रतिक्रिया तिथून येतात. मला त्या अगदीच चूक वाटत नाहीत. मुद्दाम केलेल्या गोष्टीला कारण विचारायचा हक्क ऐकणाऱ्याला आहे.

आता कानाकडे येऊ, कारण खरी गंमत इथे आहे.

लो-फाय अल्बमवरची सगळ्यात नेहमीची तक्रार, शब्द कळत नाहीत. आपण शब्द ओळखतो ते मुख्यतः व्यंजनांवरून, आणि स, श, त, फ यांची ओळख पटवणारी ऊर्जा बरीचशी वरच्या फ्रिक्वेन्सीत असते, म्हणजे नेमकं जिथे कॅसेट कमजोर पडते आणि जिथे ती सूं सूं सगळ्यात जास्त असते तिथेच. स्वर ऐकू येतात, व्यंजनं बुडतात. चाल पोचते, मजकूर अर्धा पोचतो. पण मेंदू अर्धा मजकूर अर्धा म्हणून ठेवत नाही! १९७० मध्ये रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञाने एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. एका रेकॉर्ड केलेल्या वाक्यातल्या एका शब्दातला एक ध्वनी पूर्ण कापून काढला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्यांना काय ऐकू आलं? अख्खा शब्द. काही गायब आहे हे जवळजवळ कुणालाच कळलं नाही, खोकला नेमका कुठे आला तेही सांगता येईना. आणि त्याच जागी खोकल्याऐवजी नुसती शांतता ठेवली तर मात्र लोकांना भोक लगेच कळलं.

म्हणजे आवाज नसेल तर मेंदूला रिकामी जागा दिसते, आणि गोंगाट असेल तर मेंदू समजतो की शब्द तिथे होताच, फक्त झाकला गेला, आणि तो स्वतःच भरून टाकतो. आता हे एका अख्ख्या अल्बमभर होतंय असं समजा. खरखरीमागे बुडलेल्या आवाजात प्रत्येक ऐकणारा नकळत स्वतःचे शब्द भरतोय, कुठून भरतोय तर त्याच्या भाषेतून, मूडमधून, त्याला गाण्याचं नाव माहीत आहे की नाही यावरून. म्हणून एकाला ते गाणं प्रेयसी सोडून गेल्याचं वाटतं आणि दुसऱ्याला आजोबा गेल्याचं, आणि दोघंही शपथेवर सांगतात की मी स्पष्ट ऐकलंय. त्यांनी खरंच स्पष्ट ऐकलेलं असतं. "हा अल्बम माझ्याबद्दलच आहे" ही जी प्रतिक्रिया अशा रेकॉर्ड्सना हमखास मिळते तिच्यामागे थोडा भाग या भरून काढण्याचा आहे असं माझं मत आहे, कारण गाण्यातला काही मजकूर खरोखर ऐकणाऱ्यानेच पुरवलेला असतो. आणि एकदा का लिरिक्स वाचले की तेच शब्द ऐकू यायला लागतात, मग आधी काय ऐकू येत होतं ते परत ऐकून बघायचं म्हटलं तरी जमत नाही.

याचंच एक भावंड. प्रयोगशील अल्बममध्ये कुणाच्या तरी बोलण्याचा तुकडा लूपवर, म्हणजे परत परत वाजेल असा, टाकलेला असतो, तो पाच-सात वेळा झाला की बोलणं गाण्यासारखं वाटायला लागतं. कुणी चाल लावलेली नसते, फिल्टर नसतो, काही बदललेलं नसतं. मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच यांना १९९५ मध्ये स्वतःच्याच रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजताना हे लक्षात आलं. जो माणूस पहिल्या दहा सेकंदात "नुसती बडबड आहे" म्हणून पुढचं गाणं लावतो आणि जो मिनिटभर थांबतो, त्या दोघांनी अगदी वेगळा ट्रॅक ऐकलेला असतो. दोघंही खरं बोलतायत.

यात मशीनचा भाग तर अजूनच मोठा आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. फोनचा छोटा स्पीकर खालचा बेस वाजवूच शकत नाही, वरच्या हार्मोनिक्सवरून (त्याच स्वराच्या वरच्या उपस्वरांवरून) मेंदू अंदाजाने तो स्वर बांधतो, पण बेसचं वजन काही मिळत नाही. शिवाय एकाच स्पीकरवर डावं-उजवं एकत्र होतं, आणि काही आवाज मुद्दाम उलट्या फेजमध्ये (एका बाजूची लाट वर तेव्हा दुसरीची खाली) रुंद पसरवलेले असतील तर ते एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणजे हेडफोनवर चारी बाजूंनी येणारा कोरस फोनवर जवळपास नाहीसाच होऊ शकतो. त्यात स्ट्रीमिंगचं कॉम्प्रेशन. एमपीथ्री किंवा तशा पद्धती फाइल लहान करतात ते कानाला न कळणारं फेकून देऊन, आणि त्यांना नियमित, स्पष्ट स्वर सोपे जातात, खरखर फार अवघड जाते कारण खरखरीत कसलाच पॅटर्न नसतो. बिटरेट (दर सेकंदाला वापरलेला डेटा) कमी असेल तर टेपची ती मऊ सूं सूं पाण्याखालून आल्यासारखी, बुडबुड्यांची होते. म्हणजे डेटा वाचवायचं सेटिंग चालू ठेवून ऐकणाऱ्याने "क्वालिटी बेकार आहे" म्हटलं तर तो कलाकाराला शिव्या देतोय पण निम्मी घाण कोडेकची, म्हणजे फाइल लहान करणाऱ्या त्या पद्धतीची आहे. अजून एक, आवाज कमी ठेवून ऐकलं की आपल्या कानाला बेस जास्तच कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. आणि जास्त ठेवला तर क्लिपिंग झालेले (मर्यादेबाहेर जाऊन फाटलेले) ड्रम दहा मिनिटांत डोकं उठवतात. अशा अल्बमला आवाजाची योग्य पातळी सापडणं हेच एक काम असतं.

बरं, आवडणाऱ्यांना नेमकं काय आवडतं? बहुतेक जण "जवळचं वाटतं" असं काहीतरी म्हणतात. त्यालाही एक अगदी कोरडं तांत्रिक कारण आहे. एका दिशेचा आवाज पकडणाऱ्या माइकच्या अगदी जवळ तोंड नेलं की खालच्या फ्रिक्वेन्सी वाढतात, श्वास, ओठांचा आवाज, सगळं येतं, आणि खऱ्या आयुष्यात एवढ्या जवळून आपल्याशी कोण बोलतं? अगदी मोजकी माणसं. त्यात मागे खोलीचा आवाज, खुर्ची करकरली, कुणी दार लावलं. चकचकीत रेकॉर्डिंगमधून हे सगळं काढून टाकलेलं असतं त्यामुळे तिथे गाणारा कुठेच नसतो, इथे तो एका खोलीत असतो. मात्र ही जवळीक रेकॉर्डिंगची आहे, माणसाची नाही, हे विसरायला होतं. कच्चा आवाज म्हणजे खरा माणूस असं समीकरण डोक्यात बसतं आणि मग कलाकाराच्या हालअपेष्टाही चवीने ऐकल्या जातात. जॉन्स्टन गंभीर मानसिक आजाराशी आयुष्यभर झगडत होता, आणि त्याच्या कापऱ्या आवाजाला "किती प्युअर" म्हणणाऱ्या काही प्रतिक्रिया वाचताना मला अवघडल्यासारखं होतं, आवडतो मला तो, पण तरी.

द शॅग्जची गोष्ट तर त्याहून विचित्र. न्यू हॅम्पशायरच्या बहिणी, वडिलांच्या हट्टापायी बँड काढला, १९६९ मध्ये 'फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड' रेकॉर्ड केला, ड्रम एकीकडे गिटार दुसरीकडे. तेव्हा कुणी विचारलं नाही. १९८० मध्ये तो परत निघाला आणि लोकांना त्यात एकतर निव्वळ विनोद दिसला किंवा कुणालाही न सुचलेलं काहीतरी. त्या मुली प्रयोग करत नव्हत्या, त्या जमेल तसं वाजवत होत्या. मग "प्रयोगशील" कोण, त्या की ऐकणारे? मला वाटतं इथे प्रयोग बराचसा ऐकणाऱ्यांनीच केला.

आता चौथ्या माणसाकडे, म्हणजे तो "अजून दोन-तीनदा ऐक" वाला. त्याच्या म्हणण्याला आधार आहे. डॅनियल बर्लाइन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ च्या सुमारास मांडलं की एखादी गोष्ट फारच सोपी असली तर कंटाळा येतो, फारच गुंतागुंतीची असली तर त्रास होतो, मध्ये कुठेतरी आवड सगळ्यात जास्त, म्हणजे उलट्या यू सारखी रेघ. प्रत्येक प्रयोगात ती रेघ इतकी सुबक येत नाही, पण ढोबळमानाने पटण्यासारखं आहे. आणि परत परत ऐकलं की गुंतागुंत आपल्यापुरती कमी होते, पुढचा धक्का कधी येणार ते माहीत होतं, म्हणून पहिल्यांदा असह्य वाटलेला ट्रॅक चौथ्यांदा मधल्या पट्ट्यात येऊन बसतो. आणि ज्याला असं संगीत आधीच भरपूर ऐकायची सवय आहे तो पहिल्याच वेळी तिथे पोचलेला असतो, म्हणून त्याला तुमचा त्रास नाटकी वाटतो.

पण थांबा, यात एक खोच आहे जी चौथा माणूस कधी सांगत नाही. रॉबर्ट झायन्सने १९६८ मध्ये दाखवलं की निरर्थक शब्द किंवा अनोळखी चिन्हं नुसती वारंवार समोर आली तरी लोकांना ती जास्त चांगली वाटायला लागतात. काही अर्थ नाही, काही दर्जा नाही, फक्त ओळख. म्हणजे पाचव्यांदा ऐकल्यावर अल्बम आवडला यावरून तो चांगला आहे असं सिद्ध होत नाही, पाचव्यांदा बरंच काही आवडतं. तसंच पहिल्यांदा आवडला नाही यावरून तो वाईट आहे असंही नाही. माझी कसोटी वेगळी आहे, परत ऐकताना नवीन काही सापडतंय का, खरखरीमागची दुसरी चाल, उशिरा येणारा सूर, आधी चूक वाटलेलं पण दोन गाण्यांनंतर परत येणारं काहीतरी. सापडत असेल तर रेकॉर्डमध्ये माल आहे. नुसताच त्रास कमी होत असेल तर ती सवय.

आणि इतरांचं मत. २००६ मध्ये सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांचा प्रयोग प्रसिद्ध झाला, १४,००० च्या वर लोक, अनोळखी बँड्सची ४८ गाणी. काहींना नुसती गाणी दिली, बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत वाटलं आणि प्रत्येक गटाला फक्त आपल्याच गटात कुठलं गाणं किती डाउनलोड झालं तो आकडा दाखवला. तीच गाणी, पण प्रत्येक गटात वेगळीच गाणी वर गेली. अगदी चांगली गाणी क्वचितच तळाला गेली आणि अगदी वाईट क्वचितच वर, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. लो-फाय अल्बम हा असा मधला माल असतो असं मला वाटतं, पहिल्या कानात नीट ठरत नाही की हे मुद्दाम आहे की जमलं नाही, आणि जिथे ठरत नाही तिथे आपण हळूच बाजूच्याकडे बघतो. समीक्षकही यातून सुटत नाहीत. न्यूट्रल मिल्क हॉटेल या बँडच्या 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी' ला १९९८ मध्ये पिचफोर्क या संगीत समीक्षेच्या वेबसाइटने १० पैकी ८.७ दिले होते, २००५ मध्ये तो परत निघाला तेव्हा पूर्ण १०. रेकॉर्डिंग तेच. मधल्या सात वर्षांत त्याच्याभोवती भक्तमंडळी जमली होती.

राहिला तिसरा माणूस, "नीट स्टुडिओत केलं असतं तर". त्याच्यासाठी एक खराखुरा नमुना उपलब्ध आहे. विल टोलेडो, कार सीट हेडरेस्ट वाला, सुरुवातीला गाडीच्या मागच्या सीटवर बसून गायचा म्हणून बँडचं नाव तसं. २०११ मध्ये विद्यार्थी असताना त्याने 'ट्विन फँटसी' स्वतःच केला, आवाज चिखलात बुडालेला. २०१८ मध्ये अख्खा अल्बम बँडबरोबर, बजेटसह परत रेकॉर्ड करून काढला. गाणी तीच, काही शब्द बदललेले. दोन्ही ऐकायला मिळतात, लागोपाठ ऐकून बघा. नव्यात ड्रमला पोट आहे, गिटारचे थर सुटे कळतात, काही गाणी अक्षरशः उभी राहिली आहेत, आणि तरीही जुन्याला चिकटून राहिलेले ऐकणारे आहेत, कारण जुन्यात एक एकटा पोरगा मशीनच्या कुवतीबाहेर ओरडतोय हे ऐकू येतं आणि ते त्या गाण्यांच्या विषयाशी जुळतं. मला स्वतःला नवा जास्त आवडतो. पण म्हणून तिसरा माणूस प्रत्येक वेळी बरोबर ठरत नाही, 'नेब्रास्का' च्या वेळी स्टुडिओ हरलाच होता.

त्यामुळे अशा अल्बमवरची प्रतिक्रिया वाचताना मी आकडा किंवा "व्हाइब" सोडून देतो आणि जागा शोधतो. "तिसऱ्या गाण्यात ड्रम येतात तेव्हा आवाज पूर्ण बुडतो आणि कडव्याचा शेवट हुकतो" हे उपयोगी आहे, आवडलं असो की नसो. कलाकार स्वतः मित्रांना ऐकवत असेल तर "कसं वाटलं" च्या आधी "कशावर ऐकलंस" विचारावं, निम्मे वाद तिथेच मिटतील. आणि ऐकणाऱ्याने पहिल्या फेरीत लिरिक्स उघडू नयेत, हेडफोन लावावेत, स्ट्रीमिंगची क्वालिटी वर करावी, आवाज मध्यम ठेवावा. एवढं करूनही दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत काही हाताला लागलं नाही तर खुशाल बंद करा, चौथ्या माणसाला काय वाटेल याची काळजी करू नका.